मांजराच्या पिल्लाच्या कानातला काळा मळ: घरी काय करावं, कशाला हात लावू नये

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. अमळनेरजवळच्या तुमच्या गावी, कापूस भरलेल्या खोलीत मांजर व्याली. तीन पिल्लांतलं एकच उरलंय, अंदाजे दीड महिन्याचं. ते सारखी मान झटकतं, मागच्या पायानं कान ओरबाडतं आणि दोन्ही कानांत काळा, कोरडा, भुग्यासारखा मळ दिसतो. कृषी केंद्रवाल्यानं गुरांच्या गोचिडांचं औषध दिलंय, ‘दोन थेंब सोडा, मोकळं होईल’ म्हणून. सासूबाई लसणाचं तेल सांगतात, शेजारचे आबा रॉकेल. गावात डॉक्टर आहेत पण ते गुरांचे. घरात एक कुत्रा आहे आणि चार वर्षांच्या मुलीच्या हातावर बारीक पुरळ उठलंय. यातलं काय लावू, असं तुम्ही विचारताय.

यातलं काहीही लावू नका. गोचिडाचं औषध तर नाहीच नाही.

मी जळगाव जिल्ह्यात प्रॅक्टिस करतो. सुरुवात गाई-म्हशींपासून झाली, आता निम्म्याहून जास्त पेशंट कुत्री-मांजरं असतात. ‘डाक्टर, हाई पिल्लू दिनभर कान खाजाडस’ म्हणत लोक पिल्लू पिशवीत घालून आणतात. नुसत्या कानातल्या किड्यानं एखादं पिल्लू दगावलेलं मला आठवत नाही. त्या किड्यासाठी घरी काहीतरी लावलं आणि पिल्लू झटके देत दवाखान्यात आलं, हे मात्र नेहमीचं आहे. म्हणून तुमच्या ‘काय लावू’च्या आधी दोन प्रश्न येतात: हे खरंच किडे आहेत का, आणि पिल्लाचं वजन किती आहे?

पहिलं, किडे आहेत का. तुम्ही केलेलं वर्णन किड्यांशी जुळतं. हा किडा म्हणजे ओटोडेक्टीस सायनोटिस, जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटरचा. तो कातडी पोखरत नाही, कानाच्या आत वरवर फिरतो आणि तिथला मळ, मेलेली कातडी, पाझरणारा द्रव यांवर जगतो. त्यामुळे कान चिडतो, जास्त मळ करतो, त्यात थोडं सुकलेलं रक्त मिसळतं, आणि म्हणून मळ चहाच्या चोथ्यासारखा काळपट दिसतो. पिल्लांना तो बहुतेक वेळा आईकडूनच मिळतो. दूध पिताना डोकं तिच्या अंगाला घासलं जातं, तेवढं पुरतं.

खात्री घरी बऱ्यापैकी करता येते. कापसाच्या बोळ्यानं कानाच्या वरच्या, दिसणाऱ्या भागातला थोडा मळ उचला आणि काळ्या कागदावर झटका. काळा कागद नसेल तर मोबाइलचं काळं कव्हरही चालतं. चांगल्या उजेडात भिंगातून दोन-तीन मिनिटं शांतपणे बघा. पांढरे, टाचणीच्या टोकापेक्षा बारीक ठिपके हळूहळू सरकताना दिसले तर निदान झालं. दिसले नाहीत म्हणून किडे नाहीतच असं मात्र धरू नका. आमच्याकडे मळ तेलाच्या थेंबात घालून मायक्रोस्कोपखाली बघतो, तेव्हा लांब पायांचे किडे आणि त्यांची अंडी स्पष्ट दिसतात.

किड्यांसारखं दिसणारं दुसरं काय असू शकतं, तेही बघून घ्या. मळ ओला, पिवळा, घाण वास मारणारा असेल तर जंतूंचा संसर्ग आहे, मुळात किडे असोत वा नसोत. एकाच कानाला त्रास असेल आणि तो अचानक सुरू झाला असेल तर कुसळ अडकल्याचा संशय घ्यावा. पावसाळा सरता सरता बांधावर हिंडणाऱ्या जनावरांत ते होतं. कानाच्या कडेला राखाडी, जाड खपल्या धरल्या असतील आणि त्या कपाळाकडे सरकत असतील तर ती मांजराची खरूज, म्हणजे वेगळा किडा, आणि तो माणसाला जास्त खाजवतो. केस गेलेले गोल चट्टे दिसले तर नायटा. त्यात तेल घालून काही होत नाही, आणि तो घरातल्या लेकरांना सहज लागतो.

कान बघताना पिल्लाचा ओठ वर करून हिरड्याही बघा. गुलाबी हव्यात. पांढुरक्या असतील तर कान बाजूला ठेवा, कारण बहुधा अंगावर पिसवा भरल्या आहेत आणि त्या रक्त पितायत. दीड महिन्याच्या पिल्लाला पिसवांनी इतका अशक्तपणा येतो की ते त्यानंच जातं. बाकीची दोन पिल्लं कशानं गेली हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण मी तिथे असतो तर आधी हेच बघितलं असतं. मानेवर आणि शेपटीच्या मुळाशी केस उलटे करून बघा. काळे कण दिसले तर ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवा. भोवती तांबूस डाग उमटला तर ती पिसवांची विष्ठा.

आता वजन. घरातला किराणा मोजायचा काटा चालेल, नाहीतर दुकानातल्या काट्यावर टोपलीसकट ठेवा आणि टोपलीचं वजन वजा करा. दीड महिन्याचं पिल्लू साधारण ६०० ग्रॅमच्या आसपास भरतं, उपाशी असेल तर बरंच कमी. वय दातांवरून ताडता येतं: पुढचे बारीक दात तीन-चार आठवड्यांत येतात, दाढा सहा आठवड्यांच्या पुढे पूर्ण होत जातात. मी वजनावर इतका अडून का बसतो, ते त्या बाटलीवरून सांगतो.

गुरांच्या गोचिडांसाठी मिळणारं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन बहुधा १ टक्क्याचं असतं, म्हणजे १ मिलीत १० मिलिग्रॅम. मांजराला आम्ही ते देतो तेव्हा किलोमागे साधारण ०.२ मिलिग्रॅम धरतो. ६०० ग्रॅमच्या पिल्लाला म्हणजे ०.१२ मिलिग्रॅम, बाटलीतलं ०.०१२ मिली. आता एक थेंब साधारण ०.०५ मिलीचा असतो. ‘दोन थेंब सोडा’ हा सल्ला मानलात तर पिल्लाला आठपट डोस जाईल. एकच थेंब टाकला तरी चौपट. इन्सुलिनच्या ४० युनिटवाल्या सिरिंजची सगळ्यात छोटी रेघसुद्धा ०.०२५ मिलीची, ती दुप्पट होते. घरात हे मोजायचं साधनच नसतं. लहान पिल्लात हे औषध मेंदूपर्यंत सहज पोचतं. बुबुळं मोठी होतात, दिसेनासं होतं, पाय लटपटतात, मग पिल्लू निपचित पडतं. त्यावर उतारा नाही, नुसतं ऊब देत, सलाइन लावत वाट बघायची असते. आम्ही हे औषध देतो तेव्हा पातळ करून, वजन करून देतो, आणि फार लहान पिल्लाला टाळतोच.

हे झालं आयव्हरमेक्टिनचं. तुम्हाला दिलेली बाटली गोठ्यात फवारायची किंवा गुरांच्या अंगाला चोळायची असेल तर मामला आणखी वाईट. अशा बाटल्यांत डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन, नाहीतर अमिट्राझ यांसारखं कीटकनाशक असतं. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या पिसवांच्या औषधांत पुष्कळदा परमेथ्रिन असतं, यांतल्या पहिल्या दोघांच्याच कुळातलं. परमेथ्रिन गाय, कुत्रा पचवतात, मांजर पचवू शकत नाही, कारण ते निकामी करणारी यकृतातली यंत्रणा मांजरात तोकडी असते. लावल्यावर काही तासांत कान आणि चेहरा फडफडायला लागतो, मग अंगाला कंप, मग झटके. बाटली सूर्यप्रकाशात नेऊन बारीक अक्षरं वाचा आणि यांपैकी एकही नाव दिसलं तर ती मांजरापासून लांब ठेवा. चुकून लागलंच असेल तर भांड्यांच्या साबणाच्या पातळ, कोमट पाण्यानं लगेच धुवा, कोरडं करा, गुंडाळून ऊब द्या आणि बाटली सोबत घेऊन डॉक्टरकडे निघा. ओकारी काढायला जाऊ नका.

सासूबाईंच्या लसणाच्या तेलाबद्दल मला आदर आहे, माझ्याही कानात आजीनं ते घातलंय. पण मांजर कानातलं, अंगावरचं सगळं पायानं पुसून चाटतं. कांदा-लसूण तिच्या तांबड्या पेशी फोडतो. रॉकेल कातडी भाजतं, आणि चाटताना श्वासात गेलं तर फुप्फुसं जातात. डेटॉल, फिनाइल, कापूर, टी-ट्री तेल यांचंही तेच. हळद विषारी नाही, पण तेलात कालवून घातली की कानात घट्ट बसते आणि पुढच्या माणसाला आत काही दिसत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस पाहून लोकांना बरं वाटतं, पिल्लाला नाही. आणि ‘दुखत असेल बिचाऱ्याला’ म्हणून पॅरासिटामॉलचा कण जरी दिलात तरी मांजर दगावू शकतं, हे मांजर पाळणाऱ्या प्रत्येक घरात माहीत असावं.

मग घरी करायचं काय? कान साफ करणं, तेही नीट, आणि बरेच दिवस.

साधं लिक्विड पॅराफिन घ्या, औषधाच्या दुकानात मिळतं, वास-रंग नसलेलं. ते नसेल तर शुद्ध खोबरेल. वासाचं, औषधी, केसांचं तेल नको. आपल्याकडे पौषात खोबरेल गोठतं. बाटली कोमट पाण्यात धरा आणि थेंब आधी मनगटावर घालून बघा. गरमही लागू नये, गारही लागू नये. गार तेल कानात गेलं की पिल्लू दचकतं आणि पुढच्या वेळी हाती लागत नाही.

त्याआधी मागच्या पायांची नखं कापून घ्या. बहुतेक लोक हे विसरतात, आणि निम्म्या जखमा त्याच नखांच्या असतात. उजेडात नखाच्या आत गुलाबी शीर दिसते, तिच्या बऱ्याच पुढे फक्त टोक उडवा.

पिल्लाला सुती टॉवेलात घट्ट गुंडाळा, डोकं तेवढं बाहेर. दुसऱ्या कुणी धरलं तर उत्तम. कानाची पाळी हलकी वर आणि मागे ओढा, दोन-तीन थेंब आत सोडा, बाटलीचं टोक कानाला न टेकवता. मग कानाच्या मुळाशी, जिथे हाताला मऊ नळीसारखं लागतं, तिथे अंगठा आणि बोटानं वीस-तीस सेकंद चोळा. पचपच आवाज आला की तेल खाली पोचलं समजा. आता सोडा. ते जोरात डोकं झटकेल आणि काळा मळ तुमच्या साडीवर उडेल, त्यामुळे जुनं काहीतरी नेसा. वर आलेला मळ बोटाला कापूस गुंडाळून पुसून घ्या, बोट जाईल तेवढ्याच खोलीपर्यंत. कान साफ करायच्या काड्या आत घालू नका. मांजराच्या कानाची नळी आधी खाली जाते आणि मग आडवी वळते, काडीनं मळ त्या वळणावर ठासला जातो आणि पडद्याला इजा होऊ शकते.

हे एक दिवसाआड, दोन्ही कानांत. एकाच कानात त्रास दिसला तरी दोन्ही. अंगावर सांडलेलं तेल पुसा. इतकं लहान पिल्लू तेलकट, ओलं राहिलं तर थंडीत गारठतं, ते पूर्ण कोरडं करून आईजवळ किंवा कापडात ठेवा.

तेलाच्या मर्यादाही सांगतो. मळ मऊ होऊन निघतो, काही किडे गुदमरतात, खाज कमी होते. पण अंडी तेलानं मरत नाहीत, आणि काही किडे कानाबाहेर, मानेवर, शेपटीच्या मुळाशी हिंडत असतात. पिल्लू अंगाचं वेटोळं करून झोपतं तेव्हा शेपटी कानापाशीच येते. अंड्यातून किडा बाहेर पडून तो मोठा व्हायला साधारण तीन आठवडे लागतात. म्हणून आठवड्याभरात खाजवणं थांबलं म्हणून तुम्ही थांबलात, तर राहिलेल्या अंड्यांतून महिन्याभरात पुन्हा पहिल्यासारखं. तीन आठवड्यांच्या आत हात आखडता घेऊ नका, चार केलेत तर उत्तम. घरगुती उपाय ‘लागू पडत नाही’ म्हणून माझ्याकडे आलेली पुष्कळ पिल्लं अशी अर्ध्यावर सोडलेली असतात.

किडे मुळासकट घालवायला सोपा मार्ग म्हणजे मांजरांसाठीच बनवलेलं, मानेच्या मागे कातडीवर टाकायचं औषध. सेलामेक्टिन त्यातलं जुनं आणि माझ्या पसंतीचं. अडीच किलोपर्यंतच्या मांजराला १५ मिलिग्रॅमची एक छोटी नळी. केस बाजूला करून थेट कातडीवर, मान आणि खांदे जुळतात तिथे टाकायची, म्हणजे जीभ पोचत नाही. गरज वाटली तर महिन्यानं दुसरी. लेबलांवर कमीत कमी वय कुठे ६ आठवडे, कुठे ८ आठवडे लिहिलेलं असतं. तुमचं पिल्लू बरोबर त्या उंबरठ्यावर आहे, म्हणून वजन आणि तब्येत बघून डॉक्टरांनी हो म्हणणं गरजेचं. मॉक्सिडेक्टिन आणि इमिडाक्लोप्रिड एकत्र असलेलं औषध ९ आठवड्यांच्या पुढे आणि १ किलोच्या वर, म्हणजे तुम्हाला अजून थांबावं लागेल. कुत्र्याची नळी अर्धी-पाव करून मांजराला टाकणं हा पैसे वाचवायचा मार्ग नाही.

गावचे डॉक्टर गुरांचे आहेत म्हणून त्यांच्याकडे जाऊ नये असं नाही. पशुवैद्यक पदवीत कुत्रं-मांजर सगळंच शिकवतात. सकाळी गर्दी कमी असताना जा आणि नेमकं विचारा: कानाचा पडदा शाबूत आहे का, मळ मायक्रोस्कोपखाली बघाल का, वजनाप्रमाणे सेलामेक्टिन लिहून द्याल का. कान बघायचं उपकरण त्यांच्याकडे नसेल तर जळगाव किंवा धुळ्यात मांजरांचे दवाखाने आहेत, अमळनेरहून जळगावला रेल्वेही आहे. झाकण बसणारी प्लास्टिकची जाळीदार टोपली घ्या, आत जुना टॉवेल. उन्हाळा असेल तर पहाटेच निघा, दुपारी ४४ अंशात बंद टोपलीतलं पिल्लू तासभरात धापा टाकतं.

काही लक्षणं दिसली तर तेलाचा थेंबही न घालता थेट डॉक्टर गाठा: मान एका बाजूला कललेली, गोल गोल फिरणं, डोळ्यांची बुबुळं डावी-उजवीकडे थरथरणं, कानातून पू, पाळीत रक्त साठून ती फुगणं, किंवा खाणं-पिणं सोडणं. मान कलली की दुखणं पडद्याच्या आत गेलं असं मी धरतो. फाटलेल्या पडद्यातून काही औषधं, अगदी क्लोरहेक्सिडिनसारखं जंतुनाशकसुद्धा, ऐकण्याच्या आणि तोल सांभाळण्याच्या नसेला कायमची इजा करतात. कुणाच्या तरी कपाटातले उरलेले कानाचे ड्रॉप्स म्हणूनच नकोत.

मुलीच्या पुरळाबद्दल. हा किडा माणसाच्या अंगावर घर करत नाही. फार तर जिथे पिल्लू धरलं तिथे थोडे खाजरे फोड येतात आणि पिल्लू बरं झालं की जातात. पण तुमच्या घरात कापूस भरलाय, आणि भाव येईपर्यंत महिनोन्महिने कापूस ठेवला की घरभर अंगाला खाज सुटते हे खान्देशात कुणाला सांगायला नको. तेव्हा दोष पिल्लावर टाकायच्या आधी मुलीचं खेळणं-झोपणं त्या खोलीपासून लांब न्या आणि पुरळ राहिलं तर तिच्या डॉक्टरांना दाखवा. पुरळ गोल, कडेला लाल असेल तर नायट्याचा विचार आधी. आणि एक गोष्ट पुरळाशी संबंध नसलेली: कानाला हात लावताना पिल्लू चावलं किंवा ओरखडलं आणि रक्त आलं, तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात रेबीजच्या लशीचं विचारा. आई मोकळी हिंडणारी, लस न घेतलेली आहे, इथे ‘एवढंसं तर पिल्लू’ म्हणून सोडू नका.

राहिली बाकीची मंडळी. पिल्लू एकटं बरं करून उपयोग नाही. आई रोज येऊन दूध पाजते, ती परत देऊन जाईल. तिला धरता येत असेल तर मानेवर टाकायचं औषध तिलाही त्याच दिवशी, तिच्या वजनाचं. मात्र पुढचे दोन-तीन तास पिल्लू तिच्या ओल्या मानेशी जाऊ देऊ नका. कुत्र्याचे कान तपासा. हा किडा मांजर-कुत्र्यांत इकडून तिकडे जातो, पण कुत्र्याचं औषध कुत्र्याच्या वजनाचं आणि वेगळ्या पाकिटातलं. त्यात परमेथ्रिन असेल तर दोघांना एकत्र झोपू देऊ नका. त्यापेक्षा परमेथ्रिन नसलेलंच मागा. गोठ्यातल्या गाईंची काळजी नको, त्यांचे कान हा किडा धरत नाही. पिल्लू झोपतं ते गोणपाट जाळून टाका किंवा गरम पाण्यात धुऊन धाब्यावर उन्हात दिवसभर पसरा. अंगाबाहेर हा किडा काही दिवस तग धरतो. कापसाच्या ढिगावर मात्र काही फवारू नका, पिल्लाला तिथून हलवून दुसरीकडे खोक्यात जागा करा. आई एक-दोनदा तोंडात धरून परत नेईल. तुम्ही पुन्हा आणून ठेवा आणि तिचं खाणं त्या खोक्याशेजारीच द्या, बहुतेक मांजरी दोन दिवसांत ऐकतात.